शिक्का आणि कट्यार

आमच्या घरी एक कट्यार आहे. ती जुनी नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. जुन्या घाटाची आहे, मोठी आहे, हातात घेतली की मन काही क्षण दुसऱ्या काळात जाते. पण तिचे पोलाद आजचे आहे आणि ती घडवणारे हातही आजचेच आहेत. पाते साडेआठ इंच, मुठीपासून मागे जाणाऱ्या दोन पट्ट्या धरून एकूण लांबी सुमारे सतरा इंच. पाते याहून लांब घ्यावे असा मोह झाला होता. परंतु १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदी अशी पात्याची मर्यादा दिलेली आहे, ती आम्ही घेण्यापूर्वी वाचली होती. धारही लावून घेतलेली नाही.

राजगुरुनगरास आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा तिला पाहून एकच प्रश्न विचारतो : "शिवकालीन का?" प्रश्नात श्रद्धा असते आणि उत्तर काय यावे हेही ठरलेले असते. आम्ही "नाही" म्हणतो तेव्हा समोरच्या चेहऱ्यावरची निराशा आम्हांस दिसते. या एका "नाही"पायी तिची किंमत त्यांच्या लेखी शून्य होते. तसे पाहता "हो" म्हणणे किती सोपे होते! तेजाबाने लोखंड काळवंडते, ओल्या मातीत पुरले की महिन्याभरात गंज धरते, आणि मग "वाड्याच्या भिंतीत सापडली" एवढे एक वाक्य पुरते. वस्तूवर प्रेम करायचे तर तिच्याविषयी खोटे बोलावे लागते काय, हा प्रश्न आम्हांस तेव्हापासून पडलेला आहे.

प्रथम वस्तूकडेच पाहू. इतर खंजिरांची मूठ पात्याच्या रेषेत असते. कट्यारीची मूठ पात्याला आडवी असते. दोन समांतर पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या, आणि पुढे त्रिकोणी पाते. दांड्या मुठीत आवळल्या की पाते थेट बाहूच्या रेषेत येते आणि वार ठोशासारखा बसतो. त्यात मनगटाचे बळ थोडे, खांद्याचे व अंगाच्या भाराचे अधिक. बाजूच्या पट्ट्या मनगटाला आणि त्यामागच्या हाताला आधार देतात. जुन्या अनेक कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले आढळते, कारण चिलखताच्या कड्या फोडताना बारीक टोक मोडते. या रचनेची किंमतही आहे. मनगट फिरवता येत नाही, पल्ला अगदी तोकडा. कट्यार चालवायची तर शत्रूच्या श्वासाइतके जवळ जावे लागते. भाला आणि तलवार ही अंतराची शस्त्रे. कट्यार ही निकटतेची.

म्हणूनच की काय, आपल्या इतिहासात ती रणांगणाइतकीच भेटीगाठींत दिसते. आईन-इ-अकबरीच्या शस्त्रयादीत हिचे नाव जमधर असे येते. मराठीत जमदाड, म्हणजे यमाची दाढ. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाने आलिंगनाच्या मिषाने जी चालवली ती जमदाडच, असे सभासद बखर सांगते. आलिंगनाच्या अंतरावरून चालवता यावे असेच ते शस्त्र होते.

मराठ्यांच्या कट्यारींचा एक मोठा साठा महाराष्ट्राबाहेर होता. तंजावरच्या भोसल्यांच्या शस्त्रागारात पुढे कमानदार ढाल असलेल्या, कोरीव नक्षीच्या, देखण्या कट्यारी होत्या. त्यांतील कित्येकींना युरोपीय तलवारींची पाती कापून बसवलेली आहेत. फिरंगी पोलाद आणि दक्षिणेची मूठ यांचा हा संयोग. १८५५ साली ते राज्य खालसा झाले आणि पुढे शस्त्रागार विखुरले. काही वस्तू मद्रासच्या संग्रहालयात गेल्या, काही संग्राहकांच्या हाती लागल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आज तंजावरी कट्यारी पाहता येतात. एखाद्या कट्यारीची खरी वाट अशी कळली की तिचे मोल वाढते. बनावट वंशावळीने मात्र त्या खऱ्या वाटाच पुसल्या जातात. शंभर कट्यारी "शिवकालीन" म्हणून मिरवू लागल्या तर खरोखरीच्या एकीवर विश्वास कोण ठेवणार?

आता आमच्या गावाकडे येऊ. राजगुरुनगर हे नाव हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांच्यामुळे. त्यांचा जन्म १९०८ साली येथेच झाला. गावाचे जुने नाव खेड. १७०७ च्या ऑक्टोबरात या खेडजवळ, कडूसच्या परिसरात, मराठ्यांच्याच दोन फौजा समोरासमोर आल्या. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटून आलेले शाहू एका बाजूस. दुसऱ्या बाजूस ताराबाईंनी धाडलेले परशुरामपंत प्रतिनिधी आणि सेनापती धनाजी जाधव. शाहू हा तोतया आहे, असे ताराबाईंच्या पक्षाचे म्हणणे. सगळा प्रश्न येऊन ठेपला तो एकाच गोष्टीवर : समोरचा माणूस खरा की बनावट?

धनाजींची खात्री पटली आणि ते शाहूंना मिळाले. त्यांचे मन वळवण्यात बाळाजी विश्वनाथांचा हात होता, असे इतिहासकार सांगतात. लढाई झाली, पण तिचा निकाल धनाजींच्या निर्णयाने आधीच लागलेला होता. परशुरामपंत साताऱ्याकडे निघून गेले, आणि १७०८ च्या जानेवारीत शाहूंना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. ज्या सेनापतीने संताजींच्या बरोबरीने मोगलांना सळो की पळो करून सोडले, त्याचे खेडच्या भूमीवरचे सर्वांत मोठे कृत्य म्हणजे खऱ्याची पारख करणे आणि त्यापुढे शस्त्र आवरणे. आमच्या गावाने कट्यारीकडून काही शिकावे तर ते हेच, असे आम्हांस वाटते.

याच बाळाजी विश्वनाथांना १७१३ साली पेशवेपद मिळाले. मराठी राज्यात पदाच्या वस्त्रांबरोबर शिक्केकट्यार देण्याची रीत होती. हा जोडशब्द आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. शिक्का कागदाच्या खरेपणाची ग्वाही देतो. कट्यार त्या खरेपणाच्या रक्षणाची. नुसती कट्यार कोणीही कमरेला लावील. शिक्क्याशेजारी ती आली की तिच्यावर जबाबदारी येते.

आज भीमेच्या या खोऱ्यात पोलादाची वाण नाही. नाशिक रस्त्याने चाकणकडे निघावे, तर मोटारींचे सुटे भाग वाहणाऱ्या मालमोटारींची रांग संपत नाही. ज्या चाकणच्या कोटात फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाइस्ताखानाशी जवळजवळ दोन महिने झुंज दिली, त्याच्या अवतीभवती आता कारखाने आहेत. तेथे घडणाऱ्या प्रत्येक भागावर क्रमांक असतो; कोणता तुकडा कधी घडला हे त्यावरून सांगता येते. शोभेच्या शस्त्रांच्या बाजारात मात्र नेमके हेच लपवण्याची खटपट चालते.

म्हणून आम्ही आमच्या कारागिराला एक विनंती केली. मुठीच्या आतल्या दांडीवर, बोटे जेथे टेकतात तेथे, ज्या साली ती घडली तो सन कोरून घेतला. बाहेरून तो दिसत नाही. पण जो कोणी मूठ आवळील त्याच्या बोटांना तो लागतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा आम्ही पाते पुसून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवतो, आणि तेव्हा त्या आकड्यांतली धूळही काढतो. ती आमच्यानंतरही राहील. शंभर वर्षांनी कोणाच्या तरी घरी पाहुणा तोच प्रश्न विचारील, आणि घरधन्याच्या मनात मोह उभा राहील. तेव्हा आमचा हा लहानसा शिक्का कट्यारीच्या मुठीत असेल.