वरोऱ्याचा कोळसा

1972 च्या दुष्काळात आमची आजी आम्हां पोरांना जेऊर स्टेशनला पाठवायची. इंजिनाची राख रुळाच्या कडंला टाकत. त्यातले अर्धवट जळालेले कोळसे पाटीत गोळा करून आणायचे, म्हणजे शेगडीची सोय व्हायची. जळणाला काटकीसुद्धा राहिली नव्हती.

तेव्हा मी वडिलांना विचारलं, "दादा, आपल्या हिरीतला दगड पण काळाच हाय, मग त्यो का जळत न्हाई?" दादा म्हणाले, "त्यो नुसता सुरुंग खातो."

पुढं कळलं, की आपला पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं रान. ते करमाळ्यात नाही, तिकडं वर्धा नदीच्या खोऱ्यात आहे.

काही वर्षांमागं आनंदवन बघायला वरोऱ्याला गेलो. बाबा आमट्यांचं काम बघितलंच, पण गावातल्या एका म्हाताऱ्यानं वेगळीच गोष्ट सांगितली. या वरोऱ्यात इंग्रज सरकारची कोळशाची खाण होती. 1871 ला सुरू झाली, 1906 ला बंद पडली. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आणली ती या कोळशापायीच. आमच्याकडची रेल्वे त्याच्याही आधीची. तेव्हा इंजिनाला कोळसा थेट विलायतेहून बोटीनं यायचा. वरोऱ्याची खाण थांबली, त्याच सुमारास बल्लारपूरला दुसरी निघाली. 1973 साली देशातल्या खाणी सरकारजमा झाल्या.

म्हातारा म्हणाला, "पयले खाली बोगदे खणत, वरची वावरं शाबूत राहत. आता वरूनच उघडी खाण करतात. वावरच जाते."

मी गप्प झालो. आमची भीमाकाठची मळई उजनीच्या पाण्यात गेली. वडील मरेपर्यंत पाणी ओसरलं की काठावर जाऊन बसायचे आणि बांध कुठं होता ते बोटानं दाखवायचे. म्हाताऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "तुमचं पाण्याखाली तरी हाय. आमचं तं खड्डा झालं."

आता रात्री दोनला लाइट येते, मी मोटार चालू करायला जातो. ही वीज चंद्रपूरकडच्या कोळशावर पण होते. बटण दाबताना कधीमधी त्या म्हाताऱ्याची आठवण होते. पाणी उसाला जातं आणि कुणाचं तरी वावर त्यासाठी गेलेलं असतं, एवढं ध्यानात राहतं.