जांभा, काळा दगड आणि चुना



जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्च आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष तेथेच आहेत. १५९४ मध्ये सुरू झालेले हे बांधकाम १६०५ मध्ये पूर्ण झाले. भिंती स्थानिक जांभ्याच्या आहेत. दर्शनी भागातील नक्षीसाठी मात्र वसईहून काळा दगड आणला. आपल्या कुंडलच्या डोंगरातील झरी पार्श्वनाथाची गुहा आहे, त्याच जातीचा हा दगड. तो कठीण असल्याने त्यावरील कोरीव काम आजही टिकून आहे.

जांभा सच्छिद्र असतो, पावसाचे पाणी शोषतो. म्हणून भिंतींना चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज राजवटीत इमारत प्राचीन दिसावी म्हणून तो काढला गेला. आज पर्यटकांना भुरळ घालणारा तांबूस रंग त्यातूनच आला, पण उघडा जांभा दर पावसाळ्यात झिजतो आहे. गिलावा पुन्हा करावा, असे जाणकार सांगतात.

आपल्याकडे उलटे घडते. काळ्या दगडाच्या देवळांना ऑइलपेंट फासला जातो. चूक मात्र एकच, दगडाचा स्वभाव न ओळखणे. गावातील जुन्या वास्तूंची डागडुजी ठरेल तेव्हा आपल्या बॅचने आधी तेवढे विचारावे.