आईच्या तोंडचे मुलीचे शब्द

इंग्लंडमधील रीडिंग येथे १७७९ साली एक खटला उभा राहिला. सात वर्षांच्या आतली एक मुलगी शाळेतून तडक घरी आली आणि एका माणसाने आपल्याशी काय केले ते तिने आईला सांगितले. न्यायालयात साक्ष दिली ती मात्र आईने आणि जिच्या कानावर ही हकीकत गेली होती अशा आणखी एका व्यक्तीने. मुलगी साक्षीला नव्हतीच. आरोपी दोषी ठरला, पण पेच बारा न्यायाधीशांपुढे गेला. त्यांनी निर्वाळा दिला की शपथेवाचून साक्ष नाही आणि आईने सांगितलेली मुलीची हकीकत ऐकायलाच नको होती. आरोपीला माफी मिळाली.

याच निर्णयाचा दुसरा भाग सहसा विसरला जातो. शपथ घेण्यास अमुक वय हवे असा नियम नाही. शपथेचा अर्थ मुलाला कळतो की नाही, एवढेच पाहावे, असेही त्यांनी म्हटले. मॅथ्यू हेल यांचा १७३६ साली (म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी) छापला गेलेला ग्रंथ याहून पुढे गेला होता. मुलीने सांगितलेले आईच्या तोंडून ऐकायचे, तर मग खुद्द मुलीचेच का ऐकू नये, असा त्यांचा सवाल होता. निवेदक आणि अनुभवकर्ता यांतील अंतर मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना हा सवाल ओळखीचा वाटावा.

भारतात १८७२च्या पुरावा कायद्याने साक्षीदाराला वयाची अट घातली नाही. ऐकीव गोष्टीला त्याने दार बंद केले, पण एक फट ठेवली: घटनेच्या सुमारास केलेले कथन साक्षीच्या पुष्टीसाठी वापरता येते. राजस्थानातील आठ वर्षांच्या मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली हीच फट तपासली. शपथेचे पावित्र्य तिला कळत नाही म्हणून तिला शपथ दिलेली नव्हती. तरीही तिची साक्ष बाद ठरली नाही. घटनेनंतर सुमारे चार तासांनी तिने आईला सांगितले होते. न्या. विव्हियन बोस यांनी घड्याळ बाजूला ठेवले. त्या परिस्थितीत शक्य तितक्या लवकर आणि कोणी पढवण्याआधी ती बोलली का, हा त्यांचा निकष होता. २०२३च्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद टिकून आहे.

मला हा निकष रीडिंगच्या शपथेपेक्षा शहाणा वाटतो. पण ऐकीवाचा नियम फिर्यादीच्याच आड येतो असे मानणे चूक ठरेल. बर्म्युडातील एका खटल्यात चार वर्षांहूनही लहान मुलीने आईला सांगितले होते की तो मुलगा काळा होता. आरोपी गोरा होता. तरीही तिचे हे बोलणे आईच्या तोंडून ऐकण्यास न्यायालयाने नकार दिला आणि १९६४ साली प्रिव्ही कौन्सिलने तो नकार योग्य ठरवला. आरोपी सुटला, पण वेगळ्याच कारणाने: त्याचे कबुलीजबाब स्वेच्छेने दिलेले असल्याचे सिद्ध झाले नाही. मुलीचे ते वाक्य ज्यूरीच्या कानावर कधी पडलेच नाही.