लंडनचा दसरा, साल 1909

दसऱ्याच्या आधी आपल्याकडे घर धुऊन निघतं. गोधड्या नदीवर जातात, घट बसतात, डबे घासले जातात. हे सगळं कोण करतं ते वेगळं सांगायला नको. आज आम्ही अशा एका दसऱ्याची गोष्ट सांगणार आहोत, जिथे हे करायला आई, बहीण, बायको यांतलं कुणीच हाताशी नव्हतं. सण होता लंडनमध्ये, आणि तो केला आपल्या देशातून शिकायला गेलेल्या पोरांनी.

त्या काळी परदेशी शिकायला जायचं म्हणजे बोटीने आठवडेच्या आठवडे प्रवास. पत्राचं उत्तर यायलाही तितकेच दिवस. मोहनदास गांधी 1888 साली वकिली शिकायला निघाले तेव्हा अठरा वर्षांचे होते. घरी तान्हं मूल आणि कस्तुरबा. खर्चासाठी बायकोचे दागिने मोडायचा विचार झाला होता, असं त्यांनीच आत्मकथेत लिहिलं आहे. शेवटी पैशांची सोय थोरल्या भावाने केली. आई पुतळीबाईंनी मांस, दारू आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घालूनच परवानगी दिली. त्या शपथेपायी पोरगा लंडनमध्ये अर्धपोटी राहिला. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खानावळ सापडली, तेव्हा कुठे पोटभर जेवला. नंतर खोलीतच स्टोव्हवर स्वतःचं रांधायला शिकला. 1891 साली परत आला, तेव्हा आई हयात नव्हती. ती बातमी घरच्यांनी तिकडे कळवली नव्हती.

1909 साली गांधीजी पुन्हा लंडनला आले, ते दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडायला. तेव्हा तिथे आपले नाशिक जिल्ह्यातल्या भगूरचे विनायक सावरकरही होते. 1906 साली शिष्यवृत्तीवर ते वकिली शिकायला आले होते. बायको यमुनाबाई मागे राहिल्या. सावरकर लंडनला असतानाच त्यांचा लहानगा प्रभाकर गेला. 1909 मध्येच थोरले भाऊ बाबाराव यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी जुलैत मदनलाल धिंग्रा या विद्यार्थ्याने कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्याला गोळी घातली आणि ऑगस्टमध्ये त्याला फाशी झाली. हिंदी विद्यार्थ्यांवर पोलिसांची नजर होती. सण करावा असे दिवसच नव्हते. तरी पोरांनी दसरा करायचं ठरवलं.

तारीख होती 24 ऑक्टोबर. गांधीजींना अध्यक्ष म्हणून बोलावलं. त्यांनी दोन अटी घातल्या. एक, जेवण शाकाहारी हवं. दुसरी, सभेत वादाचं राजकारण नको. दोन्ही मान्य झाल्या. स्वयंपाक विद्यार्थ्यांनीच करायचा होता. तेव्हा तिथे वैद्यकी शिकणाऱ्या टी. एस. एस. राजन यांनी या दिवसाची आठवण सांगून ठेवली आहे. पोरं कामाला लागली असताना एक किरकोळ अंगाचा माणूस येऊन त्यांच्यात मिसळला. भांडी धुतली, भाजी चिरली. कुणी ओळखलं नाही. मग एक जण वर आला आणि त्याने ओळखलं, तेव्हा पोरांना कळलं की हेच आजचे अध्यक्ष! ज्याला वीस वर्षांपूर्वी याच शहरात उपाशी राहून रांधायला शिकावं लागलं, त्याला भाजी चिरण्यात कमीपणा कसला वाटणार?

जेवणं झाली, भाषणं झाली. दोघेही रामायणावर बोलले. स्वराज्य कसं मिळवायचं यावर या दोघांचं अजिबात जमत नव्हतं. सावरकरांचा भर शस्त्रावर, गांधीजींचा सत्याग्रहावर. सण हिंदूंचा, पण पंगतीत मुसलमान विद्यार्थीही होते. पुढच्याच महिन्यात बोटीवर गांधीजींनी ‘हिंद स्वराज’ लिहिलं, आणि 1910 च्या मार्चमध्ये सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली. दोघांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. पण त्या संध्याकाळी ते एका पंगतीला जेवले.

मैत्रिणींनो, यातलं आम्हाला आपल्या गटासाठी काय घ्यावंसं वाटतं, ते सांगतो. एक म्हणजे ते आधी ठरवलेले नियम. गटात दहा जणींची दहा मतं असतात. निवडणुकीत तर जावा-जावा वेगळ्या पक्षाच्या असतात. म्हणून हळदीकुंकू मोडायचं का? बसण्याआधी ठरवा की आज तो विषय नको. भांडण टळतं आणि हप्ताही वेळेवर गोळा होतो.

दुसरं, त्या पोरांना भाजी चिरता आली ती घर सुटल्यावर. आपली मुलं आज पुण्या-मुंबईला, कुणी परदेशात शिकायला जातात. त्यांच्या फीसाठी आपल्यापैकी कितीजणींनी गटातून कर्ज उचललं आहे, मंगळसूत्राचे मणी गहाण ठेवले आहेत. कर्ज फेडतोच आहोत, पण जाण्याआधी त्या पोराला कुकर लावायला, भाकरी थापायलाही शिकवू या. पोरगीला शिकवतो तसंच. येत्या दसऱ्याला पुरणपोळी आपण करू, पण पुरण वाटायला आणि भांडी घासायला घरातल्या मुलग्यांना बसवा. कुणाच्या घरी बसले आणि कुणाच्या नाही, ते पुढच्या बैठकीत नक्की सांगा.