शत्रू ते पाहुणा : इंग्लंडच्या बागेतील जाहकाचा इतिहास

प्रस्तावना

इंग्लंडमधील एखाद्या उपनगरात उन्हाळ्याच्या दिवसांत, अंधार पडल्यावर घरामागील बागेत काही वेळ स्वस्थ बसले, तर वाळलेल्या पाचोळ्यात खसफस ऐकू येते. पाठोपाठ डुकराच्या हुंगण्याची आठवण करून देणारा फुसफुस आवाज येतो आणि कुंपणाच्या तळाशी असलेल्या फटीतून वीतभर लांबीचा एक काटेरी प्राणी बाहेर पडतो. हिरवळीवरून तो बऱ्यापैकी वेगाने चालतो, मधेच थांबून भुंगेरे, अळ्या, गांडुळे वेचतो आणि चाहूल लागताच अंगाचा चेंडू करून पडून राहतो. हाच हेजहॉग. मराठीत त्याला ‘जाहक’ असा संस्कृतातून आलेला शब्द आहे. परंतु बोलताना आपण सहजच त्याला साळिंदर म्हणून टाकतो. साळिंदर हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातील, आकाराने कितीतरी मोठा आणि शाकाहारी प्राणी असून जाहकाशी त्याचे नाते काट्यांपुरतेच आहे. ग्रीक कवी आर्किलोकस याच्या वचनावरून आयझाया बर्लिन यांनी १९५३ मध्ये लिहिलेल्या सुप्रसिद्ध निबंधात कोल्ह्याच्या जोडीला आहे तो जाहक, साळिंदर नव्हे.

बागेत रात्री येणारा हा प्राणी आज ब्रिटनमध्ये अत्यंत लोकप्रिय आहे. लोक त्याच्यासाठी पाण्याची थाळी भरून ठेवतात, कुंपणाला भोक पाडतात, त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपून ठेवतात. याच देशात सुमारे तीन शतके त्याच्या डोक्याला सरकारमान्य दर ठरलेला होता. हा बदल कसा घडला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कीथ थॉमस यांनी आपल्या १९८३ च्या ग्रंथात १५०० ते १८०० या काळात निसर्गाविषयीची इंग्रजी संवेदना कशी पालटत गेली, याची विस्तृत मांडणी केली आहे. ती मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते, की जाहकाच्या बाबतीत केवळ संवेदनेचा इतिहास पुरेसा नाही. तो कोणाच्या जमिनीवर आढळतो, हा प्रश्न त्याहून अधिक निर्णायक ठरलेला दिसतो.

डोक्याला दोन पेन्स

एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत १५६६ मध्ये धान्यरक्षणाचा कायदा संमत झाला. आठव्या हेन्रीच्या काळातील कायदा मुख्यतः कावळ्यांच्या जातींपुरता होता. नव्या कायद्याने उपद्रवी प्राण्यांची लांबलचक यादी केली आणि प्रत्येकाच्या डोक्याला दर लावला. इनामाची रक्कम प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावाने, उभी करावयाची आणि चर्चवॉर्डन या स्थानिक कारभाऱ्यामार्फत तिचा हिशेब ठेवावयाचा, अशी व्यवस्था होती.

ही दरसूची बारकाईने पाहण्यासारखी आहे. कोल्हा व बॅजर यांना बारा पेन्स, म्हणजे एक शिलिंग. कोंबड्या मारणारा पोलकॅट आणि रानमांजर यांना एक पेनी. तीन उंदरांना किंवा घुशींना मिळून एक पेनी. जाहकाला मात्र दोन पेन्स. आणि त्याच दराने बसवलेला दुसरा प्राणी कोणता, तर तळ्यातील मासे फस्त करणारे पाणमांजर. जाहक धान्य खात नाही. त्याचा आहार प्रामुख्याने कीटक, अळ्या, गांडुळे व गोगलगायी यांचा. अंडी वा पिले सापडली तर तीही तो सोडत नाही, हे खरे. तरीही धान्यरक्षणाच्या कायद्यात त्याची किंमत धान्याची नासाडी करणाऱ्या उंदराच्या सहापट ठरते, याचा उलगडा आहारशास्त्राने होत नाही.

तो होतो एका समजुतीने. रात्री गाई बसलेल्या असताना जाहक त्यांच्या सडांना तोंड लावून दूध पितो, असे युरोपभर मानले जात असे. सकाळी गाय कमी दूध देऊ लागली, सडाला जखम दिसली, की संशय त्याच्यावर. गुराढोरांवर संसार असलेल्या गावात हा आरोप सामान्य नव्हता. प्लिनीने त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे : तो पडलेल्या सफरचंदांवर लोळतो आणि काट्यांत रुतलेली फळे झाडाच्या ढोलीत नेतो. मध्ययुगीन प्राणिकथांच्या सचित्र हस्तलिखितांत हे दृश्य वारंवार रंगवलेले आढळते. म्हणजे दूध आणि फळ अशा दोन्ही चोऱ्या एकाच प्राण्याच्या नावावर, आणि दोन्ही रात्रीच्या, कोणी न पाहिलेल्या. शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये परीराणीच्या निद्रेपासून ज्यांना दूर राहण्यास बजावले जाते, त्या सापासारख्या अशुभ प्राण्यांत जाहकही आहे, ‘मॅकबेथ’मध्ये त्याचे ओरडणे चेटकिणींना वेळेचा संकेत देते.

पुष्कळ पॅरिशच्या हिशेबवह्या आजही उपलब्ध आहेत. रॉजर लव्हग्रोव्ह यांनी त्यांच्या आधारे ‘सायलेंट फील्ड्स’ हा ग्रंथ २००७ मध्ये प्रसिद्ध केला. इतिहासाच्या अभ्यासकाला या वह्यांचे एक वैशिष्ट्य जाणवल्यावाचून राहत नाही. त्या मेलेल्या प्राण्यांच्या नोंदी आहेत. ज्या गावाने जास्त इनाम दिले त्या गावात जाहक जास्त होते, की त्या गावातील गरिबांना दोन पेन्सची गरज जास्त होती, हे वहीवरून ठरवता येत नाही. हा कायदा औपचारिकपणे रद्द झाला तो थेट १८६३ मध्ये.

धर्मोपदेशकाची हिरवळ

हे इनाम चालू असतानाच, गावकारभाराच्या त्याच चौकटीत वावरणाऱ्या एका माणसाने जाहकाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. हॅम्पशायरमधील सेल्बॉर्न गावचे धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट यांनी थॉमस पेनंट यांना फेब्रुवारी १७७० मध्ये लिहिलेल्या पत्रात आपल्या बागेत व शेतांत जाहक विपुल असल्याचे सांगितले आहे. हिरवळीतील प्लँटेन या तणाची (हे इसबगोलाच्या कुळातील) मुळे तो पाने शाबूत ठेवून कशी खातो, याचे वर्णन ते करतात. हिरवळीवर पडलेल्या विष्ठेवरून भुंगेरे हा त्याच्या आहाराचा मोठा भाग असावा, असे अनुमान काढतात. आदल्या जूनमध्ये मिळवलेली काही दिवसांची पिले कुत्र्याच्या पिलांप्रमाणे आंधळी जन्मतात आणि त्यांचे काटे त्या वयात पांढरे असतात, हेही त्यांनी टिपले आहे.

येथे दुधाच्या चोरीचा उल्लेख नाही. व्हाइट ती समजूत खोडून काढण्याच्या भरीस पडत नाहीत. ते विष्ठा तपासतात. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातील खरे वळण हेच आहे. मात्र त्यासाठी जागा कोणती लागली, हेही पाहावयास हवे. ज्याच्या उदरनिर्वाहाचा प्रश्न गाईच्या कासेशी बांधलेला नाही, अशा माणसाची ती बाग आहे. व्हाइट यांची पत्रे १७८९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हाही इतरत्र दोन पेन्स मिळतच होते.

शेतमजुराच्या बाजूने साक्ष मिळते ती जॉन क्लेअर या नॉर्थॅम्प्टनशायरच्या कवीची. स्वतः मजुरी केलेल्या क्लेअरने जाहकावरील कवितेत त्याला कुत्र्यांकडून हुडकून काठ्यादगडांनी मारणाऱ्यांचे चित्र रेखाटले आहे. रोमा समाजाचे लोक त्याचे मांस खात, याचीही नोंद त्याच्याकडे सापडते. दुधाच्या आरोपाविषयी त्याचा युक्तिवाद एखाद्या वकिलाला शोभावा असा आहे : इतक्या लहान तोंडात गाईचा सड मावेल कसा, आणि हे पाहिले कोणी? आधुनिक प्राणिशास्त्रज्ञांनी या बाबतीत थोडी सावधगिरी बाळगली आहे. भरलेल्या कासेतून गळणारे दूध जाहक चाटत असणे अशक्य नाही. परंतु गाय आटवण्याची त्याची शक्ती नाही.

कुंपणे उभी राहिली, कुंपणे गेली

‘हेजहॉग’ या इंग्रजी नावातच कुंपण आहे : झाडाझुडपांच्या कुंपणातील डुक्कर. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पार्लमेंटच्या कायद्यांनी सामायिक जमिनी बंदिस्त झाल्या. क्लेअरसारख्यांची मोकळी माळराने त्यात गेली, पण मैलोगणती हिरवी कुंपणे उभी राहिली आणि त्यांच्या तळाशी जाहकाला आडोसा मिळाला. माणसाच्या हानीत प्राण्याचा लाभ, असे विचित्र समीकरण येथे दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नोत्पादन वाढवण्यासाठी यंत्रांना अडथळा ठरणारी हीच कुंपणे उखडण्यात आली. कुरणे नांगरली गेली. कीटकनाशकांनी भुंगेरे व अळ्या कमी केल्या. रस्त्यांवरील वाहने वाढली. शत्रू म्हणून मारणारा कोणी उरला नसताना जाहक शेतातून हटू लागला.

दरम्यान बाग वाढली होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे चाळीस लाख घरे बांधली गेली. त्यांतील बहुसंख्य उपनगरी, मागे स्वतःची बाग असलेली. या बागांत राहणाऱ्या पिढीने जाहकाची ओळख करून घेतली ती हिशेबवहीतून नव्हे, तर बिअॅट्रिक्स पॉटर यांच्या १९०५ च्या बालपुस्तकातील धोबीणबाई मिसेस टिगी-विंकल हिच्याकडून. हे नाव पॉटर यांनी पाळलेल्या जाहकाचेच होते. कपडे धुणारी, इस्त्री करणारी, पांढरी टोपी घातलेली ही बाई दूध चोरणे शक्यच नव्हते! पुढे तर लोकच बशीत दूध-पाव ठेवू लागले. जुन्या आरोपाचेच हे आदरातिथ्यात झालेले रूपांतर म्हणता येईल. दुर्दैवाने गाईचे दूध जाहकाला पचत नाही, आणि आता जाणकार दुधाऐवजी पाणी ठेवण्यास सांगतात.

१९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने त्याला काही पद्धतींनी मारण्यापासून संरक्षण मिळाले. १९८२ मध्ये मेजर एड्रियन कोल्स यांनी श्रॉपशायरमध्ये गुरे अडवण्यासाठी रस्त्यात घातलेल्या जाळीखालच्या खड्ड्यातून एका जाहकाला सोडवले आणि त्यातूनच जाहक संरक्षण संस्था उभी राहिली. तिचा पहिला आग्रह अगदी साधा होता : अशा खड्ड्यांतून वर येण्यासाठी उतरती फळी असावी. त्याआधी १९७९ मध्ये हल विद्यापीठाचे ग्रंथपाल व कवी फिलिप लार्किन यांच्या गवत कापण्याच्या यंत्राखाली त्यांच्या बागेतील जाहक सापडला. त्यावरील त्यांची छोटी कविता इंग्रजीच्या प्राध्यापकांना परिचित आहेच. बागही निर्धोक नव्हती.

‘आमचा’ जाहक

बागेतील रात्रीच्या भेटींना शास्त्रीय पुरावा म्हणून किती किंमत द्यावी, याचे उत्तर पॅट मॉरिस यांच्या संशोधनाने दिले. बशीपाशी रोज येणारा तो ‘आमचा’ जाहक, असे घरमालक खात्रीने सांगत. मॉरिस यांनी प्राण्यांवर खुणा करून व रेडिओच्या साहाय्याने माग काढून दाखवले, की एकाच बशीपाशी अनेक वेगवेगळे जाहक येऊन जातात. जाहक एका रात्रीत किलोमीटर-दोन किलोमीटर सहज फिरतो, तो कोणा एका बागेचा रहिवासी नसतो. मालकीची भावना माणसाची होती. गेल्या काही वर्षांत शेजाऱ्याशेजाऱ्यांतील कुंपणाला तेरा सेंटिमीटरचे चौकोनी भोक ठेवण्याची जी मोहीम २०११ पासून चालू आहे, तिचा पाया हाच शोध आहे.

याच मालकीच्या भावनेचा दुसरा परिणाम स्कॉटलंडच्या साउथ यूइस्ट बेटावर दिसला. बागेतील गोगलगायी आटोक्यात राहाव्यात म्हणून १९७४ मध्ये तेथे मोजके जाहक नेण्यात आले. बेटावर त्यांना शत्रू नव्हता. त्यांची संख्या वाढली आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या, टिटवीसारख्या किनारी पक्ष्यांची अंडी ते खाऊ लागले. २००३ मध्ये सरकारी निसर्गरक्षण यंत्रणेने त्यांना मारण्यास प्रारंभ केला, तेव्हा मुख्य भूमीवरील जाहकप्रेमींनी तीव्र विरोध केला. अखेर २००७ पासून त्यांना पकडून मुख्य भूमीवर सोडण्याचे धोरण आले. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात स्थायिकांनी नेलेला जाहक आज तेथील पक्षी व कीटक यांचा शत्रू मानला जातो. तेथे १५६६ ची यादी एका अर्थाने अद्याप चालू आहे, आणि तिला आधार मात्र तपासलेल्या पुराव्याचा आहे.

ब्रिटनमधील सस्तन प्राण्यांच्या २०२० च्या लाल यादीत जाहक असुरक्षित ठरला. २०२२ च्या अहवालानुसार २००० पासून ग्रामीण भागातील त्याची संख्या प्रदेशपरत्वे ३० ते ७५ टक्क्यांनी घटली, तर शहरी भागात ती स्थिरावत असल्याची चिन्हे आहेत. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीतही पश्चिम युरोपीय जाहकाची नोंद संकटसमीप अशी झाली. या आकड्यांमागील साधने मात्र असमान आहेत. शहरात रात्री खिडकीशी बसणारे हजारो निरीक्षक आहेत, आता त्यांच्याकडे स्वयंचलित कॅमेरेही आहेत. रात्रीच्या शेतात कोणी बसत नाही. ग्रामीण भागासाठी २००१ पासून चालू असलेली जी मोठी पाहणी आधाराला घ्यावी लागते, ती रस्त्याच्या कडेला वाहनाखाली मेलेल्या प्राण्यांच्या गणनेची आहे.