ग्लास हाउसची बाह्य प्रकाशयोजना

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील न्यू केनन येथे वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन (१९०६–२००५) यांनी स्वतःसाठी बांधलेल्या काचेच्या घराभोवतीची दिव्यांची मांडणी. घर १९४९ मध्ये पूर्ण झाले. प्रकाशयोजना रिचर्ड केली (१९१०–७७) यांची. दिव्यांच्या साहाय्याने घर आणि बाग एकजीव कशी होतात, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

घर ५६ फूट लांब व ३२ फूट रुंद आहे. बाहेरच्या चारही भिंती काचेच्या. आत स्नानगृह सामावणारा विटांचा गोल बुरूज तेवढा छतापर्यंत जातो. दिवसा भोवतालची हिरवळ आणि झाडी घराचाच भाग वाटतात. अंधार पडल्यावर मात्र हे नाते तुटत असे. साध्या काचेवर समोरून पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८ टक्के उजेड परत फिरतो. दिवसा बाहेरच्या लख्ख प्रकाशापुढे तो जाणवत नाही. रात्री तेवढ्यानेही काचेचा आरसा होतो. आत बसलेल्याला स्वतःचेच प्रतिबिंब दिसते आणि बाग नाहीशी होते. आत आणखी दिवे लावावेत, तर प्रतिबिंब अधिकच ठळक.

केली यांनी उजेडाचा तोल फिरवला. आतला प्रकाश मंद आणि छतावरून परतणारा ठेवला. घरालगतची जमीन व पलीकडची झाडे बाहेरून उजळली. त्यामुळे नजर काचेवर न अडता गवतावरून थेट दूरच्या खोडांपर्यंत पोहोचते. दिवे स्वतः नजरेआड राहणे इथे फार महत्त्वाचे. उघडा दिवा डोळ्यांवर आला, की बाहुली आकुंचन पावते आणि आजूबाजूचा काळोख आणखी दाट होतो. १९५२ मध्ये केली यांनी प्रकाशाचे तीन प्रकार मांडले: एखाद्या जागी लक्ष वेधणारा, सभोवार पसरलेला सौम्य आणि चमचमणारा.

एकाच नमुन्याचे दिवे बागभर रांगेने लावले की बाग एकसंध होते, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. झाडे, वाट आणि खोली यांच्यावरील उजेडाचे परस्परप्रमाण जमले नाही, तर सुंदर दिवेही सुटे सुटेच दिसतात.

केली यांनी पुढे न्यूयॉर्कची सीग्राम इमारत व फोर्ट वर्थचे किंबेल कलासंग्रहालय (१९७२) यांच्याही प्रकाशयोजनेचे काम केले. ग्लास हाउस २००७ पासून लोकांना पाहण्यासाठी खुले आहे.