सॅटेलाइटवरून कॉम्प्युटरचं घड्याळ कसं लावतात?

नांदेडला इंजिनीअरिंग करत असताना आमच्या लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर एकही वेबसाइट उघडेना. नेट चालू, केबल ठीक. शेवटी कळलं, मदरबोर्डवरचा सेल संपला होता आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतंच चालतं. कॉम्प्युटरच्या हिशेबाने ते अजून सुरूच झालं नव्हतं!

घड्याळ चुकतं का?

कॉम्प्युटरचं घड्याळ क्वार्ट्‌झ क्रिस्टलच्या कंपनांवर चालतं. तापमान बदललं की कंपनंही किंचित बदलतात. साधं क्रिस्टल दिवसाला एखादा सेकंद सहज चुकू शकतं. म्हणून अधूनमधून अचूक वेळ बाहेरून घ्यावी लागते.

आकाशातली घड्याळं

जीपीएस सॅटेलाइट सुमारे २०,२०० किमी उंचीवर फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं. सिग्नल निघाल्याची वेळ सिग्नलमध्येच लिहिलेली असते. चार सॅटेलाइट दिसले की रिसीव्हर स्वतःची जागा आणि नेमकी वेळ, दोन्ही काढतो.

रिसीव्हर कॉम्प्युटरला दोन गोष्टी देतो: किती वाजले हे सांगणारा मेसेज आणि दर सेकंदाला एक पल्स. मेसेज थोडा उशिरा पोचतो, पल्स मात्र सेकंदाच्या ठोक्यावर येतो. आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या 'पिप्' वर आजोबा घड्याळ लावायचे ना, तसंच. असा कॉम्प्युटर पुढे एनटीपी या पद्धतीने इतरांना वेळ वाटतो.

एक गंमत: जीपीएसची वेळ जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, १८ सेकंद पुढे आहे. रिसीव्हर तो फरक वजा करतो. मग साडेपाच तास मिळवले की आपली भारतीय वेळ.

एका सेकंदाने काय बिघडतं?

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो माणसं झोपेतच गेली.

भूकंपाचं केंद्र शोधताना वेगवेगळ्या केंद्रांवर लाट किती वाजता पोचली हे बघतात. पहिली लाट खडकातून सेकंदाला साधारण ६ किमी जाते. म्हणजे एका केंद्राचं घड्याळ एक सेकंद चुकलं, तर तिथून मोजलेलं अंतर सुमारे ६ किमी चुकतं. आपल्याकडे ६ किमीवर दुसरंच गाव येतं. म्हणूनच आजच्या भूकंपमापकांना जीपीएस अँटेना जोडलेला असतो. १० जुलै २०२४ ला हिंगोलीतला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडपर्यंत जाणवला, तेव्हा केंद्र कुठे ते लवकरच समजलं.

भारताचं काय?

भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. आपल्या नाविक सॅटेलाइटमधली काही परदेशी अणुघड्याळं बंद पडली होती. २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये मात्र भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे.

तुम्ही काय कराल?

फोन बहुतेकदा मोबाइल नेटवर्क किंवा इंटरनेटवरून वेळ घेतो, आणि अनेक टॉवर स्वतः जीपीएसवर घड्याळ लावतात. सेटिंग्जमध्ये 'ऑटोमॅटिक डेट अँड टाइम' चालू ठेवा. ऑथेंटिकेटर ॲपचा कोड साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो. कोड बरोबर असूनही लॉगिन होत नसेल, तर पासवर्ड बदलण्याआधी घड्याळ बघा.